वीस इंचांची नळी

मनोहररावांनी तरुणपणी बरीच रानडुकरं मारली होती, पण सिंगापुरात येऊन दीड वर्ष झालं तरी त्यातल्या एकाचीही चौकशी घरात कुणी केली नव्हती. सुनेला ऐकायला सवड नव्हती, नातीला तेवढं मराठी झेपत नव्हतं, आणि मुलाला तर लहानपणापासून या विषयाची लाज वाटायची. संजीव पुण्याला इंजिनिअरिंगला गेला तेव्हा होस्टेलवरच्या पोरांना त्यानं सांगितलं होतं, की वडील साखर कारखान्यात शेतकी अधिकारी आहेत. ते खरंच होतं. बंदुकीचा विषय मात्र त्यानं कधी काढला नाही, कारण पोरं आपल्याला गावंढळ ठरवतील अशी त्याला धास्ती होती.

तोच संजीव एका संध्याकाळी ऑफिसातून आला, गळ्यातलं ओळखपत्र न काढताच वडिलांच्या खोलीत शिरला आणि पलंगाच्या कडेवर टेकला. मनोहररावांना वाटलं, गावाकडून कुणी गेल्याचा फोन आला. एवढ्या जवळ येऊन बसायला दुसरं कारण त्यांना सुचेना.

"आबा," संजीव म्हणाला, "शिकारीच्या रायफलीची नळी किती लांब असावी?"

याचं मूळ होतं खंडेनवमीत. गावी असताना मनोहरराव दरवर्षी त्या दिवशी बंदूक पुसून, तेल देऊन चौरंगावर ठेवायचे आणि तिला झेंडूची माळ घालायचे. बहात्तरच्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपली. बंदुकीला पुढे काम उरलं नाही, पण पूजा कधी चुकली नाही. बायको विमलताई गेल्यावर संजीवनं साताऱ्याचं घर विकायला लावलं, पुण्यात स्वतःच्या नावावर फ्लॅट घेऊन तो भाड्यानं दिला आणि वडिलांना सिंगापूरला आणलं. घराबरोबर बंदूकही गेली. लायसन जमा करून आल्यावर मनोहरराव दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते, आणि संजीवला वाटलं होतं की आईची आठवण येत असेल.

तेव्हा सिंगापुरातल्या खंडेनवमीला चौरंगावर ठेवायला शस्त्र नव्हतं. मग त्यांनी आपला जुना फोटो ठेवला. पंचविशीतले मनोहरराव, हातात रायफल, पायाशी हे एवढं डुक्कर. शेजारी सुनेची, चैत्रालीची भाजी चिरायची सुरी आणि संजीवचा लॅपटॉप. सगळ्याला हळदकुंकू लागलं. संजीवला गंमत वाटली, त्यानं त्याचा फोटो काढून फेसबुकवर टाकला, आणि तो फेब्रुवारीअखेर नेमका क्रेगनं पाहिला.

क्रेग म्हणजे संजीवचा साहेब. न्यूझीलंडचा गडी, सहा फुटांवर उंच, दर एप्रिलला सुट्टी टाकून आपल्या मुलखात हरणाच्या शिकारीला जाणारा. त्यानं विचारलं, हे कोण? संजीव म्हणाला, माझे वडील. इथं थांबला असता तर पुढचं काही झालं नसतं. पण रीजनल हेडची जागा रिकामी होणार होती, क्रेगच्या शब्दावर ती कुणाला तरी मिळणार होती, आणि संजीव पुढे बोलून गेला की आमचं घराणंच शिकाऱ्यांचं, मीही बंदुकीच्या संगतीतच वाढलो. क्रेगनं त्याला लगेच एप्रिलचं आमंत्रण दिलं आणि वर सल्लाही विचारला. तो नवी रायफल बनवून घेत होता. नळी किती इंचांची घ्यावी यावर त्याचं आणि बंदूकवाल्याचं एकमत होत नव्हतं.

संजीवनं आठवडाभर इंटरनेट पालथं घातलं होतं. तिथं प्रत्येकजण दुसऱ्याला मूर्ख म्हणत होता. शेवटी नाइलाजानं त्याला आठवलं, की ज्याला हे कळतं तो माणूस आपल्याच घरात, धुण्याच्या मशीनमागच्या खोलीत राहतो.

"कुठं मारायचंय?" मनोहररावांनी विचारलं.

"न्यूझीलंडला."

"तसं नाही रे. दाट झाडी आहे की उघडा डोंगर? चालत जायचंय की एका जागी बसायचंय?"

संजीवला हे माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारून आला. दाट रान, ओल्या घळी, चालत जायचं, जनावर दिसलं तर पन्नास-साठ पावलांवर दिसणार. काडतूस तीनशे आठ मापाचं. आणि नळीच्या तोंडाला सायलेन्सर लावणार, तिकडे सगळे लावतात.

"सायलेन्सर केवढा असतो?"

संजीवनं हात करून दाखवला. वीतभराहून थोडा कमी.

"मग तो पण नळीतच धर की. नळी सव्वीसची घेतलीस आणि पुढं हे नळकांडं लावलंस तर झाडीत वळायचं कसं?" मनोहरराव उठून बसले होते. "लांब नळीत दारू पुरती जळते, गोळीला वेग जास्त मिळतो. लांबचा पल्ला असेल तर तो वेग हवा. पन्नास पावलांवर काय करायचाय? पण फार आखूडही नको. दारू नळीबाहेर जळते, डोळ्यापुढं जाळ होतो, कानाचा पडदा फाटायची पाळी. त्या आवाजाचं सायलेन्सर बघेल, पण वेग कुठून आणणार?"

"म्हणजे किती?"

"तोंडी नाही समजायचं," मनोहरराव म्हणाले. "रविवारी सकाळी मोकळा आहेस का?"

दीड वर्षात त्यांनी मुलाला हा प्रश्न विचारला नव्हता असं नाही. पण संजीव हो म्हणाला, ते पहिल्यांदाच.

मनोहररावांना या उत्साहात आणखी एक कारण होतं, आणि ते त्यांनी स्वतःपासून लपवलं नाही. सिंगापुरात राहायला माणसाला पास लागतो. त्यांचा पास जूनअखेर संपत होता. मधल्या काळात आईवडिलांना ठेवून घेण्यासाठी लागणारी पगाराची अट सरकारनं वाढवली होती आणि संजीव तिच्या जरासाच खाली राहिला होता. त्यानं हे वडिलांना जेवताना सांगितलं होतं. रीजनल हेड झालो की प्रश्न मिटला, आबा, लगेच अर्ज करतो. परत जायला मनोहररावांना घर नव्हतं. साताऱ्याच्या घरात आता एका दातांच्या डॉक्टरचा दवाखाना होता.

तेव्हा साहेबाची नळी नीट बसली, तर आपलंही बस्तान बसेल, एवढा सरळ हिशेब होता.

संजीव राहत होता त्या बुकित पंजांगच्या एच.डी.बी.च्या, म्हणजे सरकारी फ्लॅटांत स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालायला लांब बांबू असतात. त्यातला एक तडकलेला बांबू चैत्रालीनं टाकून द्यायला काढला होता. मनोहररावांनी त्याचे दोन तुकडे केले. चैत्रालीच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेतली, दस्ता आणि चापाचा भाग मिळून वीस इंच धरले, त्यापुढे एकाला सव्वीस इंचांची नळी, दुसऱ्याला वीस इंचांची, आणि दोन्हींना पुढे सायलेन्सरचे सात. कापल्यावर टोकं सुरीनं तासली. जाई दारात उभी राहून बघत होती. "आजोबा, व्हॉट आर यू मेकिंग? एच.डी.बी. वाले फाइन करतील लाह," ती म्हणाली. तिला ते हसून म्हणाले, "तुझ्या बाबाला शिकारी बनवतोय." तिनं खांदे उडवले आणि कानात वायरी घालून गेली.

रविवारी बापलेक एक्सप्रेसवेच्या कडेच्या पार्कात गेले. पाटीवर लिहिलं होतं, वाट सोडू नका. मनोहररावांनी ती वाचली आणि वाट सोडली. संजीव मागं बघत बघत आत शिरला. आत वेली, फांद्या, ओला पाला. मनोहररावांनी त्याच्या हातात लांब बांबू दिला आणि म्हणाले, "चाल. मी टाळी वाजवीन तिकडं वळायचं आणि खांद्याला लावायचं."

टाळी वाजली. संजीव वळला, बांबूचं टोक वेलीत अडकलं, त्यानं हिसका दिला आणि मुंग्यांचं अख्खं घरटं त्याच्या मानेवर पडलं. तो नाचू लागला. मनोहरराव इतके हसले की त्यांना झाडाला धरून उभं राहावं लागलं. मग संजीवही हसला. वाटेवरून पळणारी एक चिनी बाई थांबून या दोन बांबूवाल्यांकडे टक लावून बघत राहिली, तेव्हा संजीव आवाज खाली करून म्हणाला, "आबा, पोलिसांना फोन करेल ती." "करू दे," मनोहरराव म्हणाले. "आता आखूड घे."

आखूड बांबू टाळीसरशी वळला, खांद्याला लागला, कुठं अडकला नाही. संजीवनं तो खाली घेतला, पुन्हा लावला, स्वतःहून वळून पाहिलं. त्याच्या तोंडावर असं काही आलं, जे मनोहररावांनी तो पाचवीत सायकल शिकला तेव्हा शेवटचं पाहिलं होतं.

"वीस," मनोहरराव म्हणाले. "वीसच्या खाली उतरू नको, आणि कुणी कितीही सांगितलं तरी या झाडीत वीसच्या वर जाऊ नको."

परत येताना हॉकर सेंटरात, तिथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मांडवात बसून त्यांनी कोपी, म्हणजे तिथली कॉफी घेतली, आणि मनोहररावांनी मुलाला ती गोष्ट सांगितली, जी त्यांनी विमलताईंखेरीज कुणाला सांगितली नव्हती. पाटणच्या खोऱ्यात, उसाला लागून असलेल्या करवंदीच्या जाळीत, एकोणीस वर्षांचे मनोहर. हातात मामांची लांब नळीची रायफल. डुक्कर समोर आलं, त्यांनी बंदूक फिरवली, नळीचं टोक वेलीला लागलं आणि बार निसटता बसला. डुक्कर पोटात गोळी घेऊन जाळीत गेलं. अंधार पडत होता, सोबतचे म्हणाले, चला, मरेल आपोआप. मामांनी पोराच्या थोबाडीत मारली. म्हणाले, तू जखमी केलंस, तूच शोधणार. रात्रभर ओढ्याकाठी बसून, उजाडल्यावर रक्ताच्या ठिपक्यांवरून मनोहर रांगत गेला. दुपारी ते सापडलं. जिवंत होतं. डोळे उघडे होते आणि ते त्याच्याकडंच बघत होतं.

"दुसरी गोळी घातली," मनोहरराव म्हणाले, "आणि मग मी तिथंच बसून रडलो. मामांनी बरं केलं म्हणून सांगितलं नाही आणि वाईट केलं म्हणूनही नाही. एवढंच म्हणाले, आता तू शिकारी झालास. संजीव, नळी वीस घे, चोवीस घे, चुकायचं ते चुकतंच. जखमी जनावर टाकून यायचं नाही, हे मात्र ध्यानात ठेव."

संजीव ऐकत होता. खरंच ऐकत होता, मनोहररावांना त्यात शंका नव्हती. किती नीट ऐकत होता, ते त्यांना पंधरा दिवसांनी कळलं.

क्रेग घरी जेवायला आला. वीस इंचांचा सल्ला त्याला भलताच पटला होता, बंदूकवाल्यानंही मान डोलावली होती. चैत्रालीनं कोंबडीचा रस्सा केला, भाकरी केल्या, मनोहररावांना इस्त्रीचा सदरा काढून दिला. संजीवनं ओळख करून दिली तेव्हा सांगितलं, की वडिलांना इंग्रजी फारसं येत नाही. मनोहरराव कारखान्यात तीस वर्षं इंग्रजी खलिते वाचत आणि लिहीत आले होते. त्यांनी हात जोडले. यजमानानं दिलेली ओळख पाहुण्यासमोर खोडून काढायची नसते, असं त्यांचं वळण.

रस्सा झाल्यावर क्रेगनं खुर्ची मागं रेलवली आणि विचारलं, की संजीव, तुझं पहिलं जनावर कोणतं? आणि संजीवनं सांगायला सुरुवात केली. मी एकोणीस वर्षांचा होतो. काटेरी जाळी होती. माझ्या हातात मामाची लांब नळीची रायफल होती.

मनोहररावांच्या हातातला घास हातातच राहिला. संजीव छान सांगत होता. वेल, निसटता बार, थोबाडीत, ओढा, रक्ताचे ठिपके. फक्त रडण्याचा भाग त्यानं गाळला. ज्या पोराला कॉलेजात असताना गावच्या जत्रेतला फुगे फोडायचं छऱ्याचं पिस्तूल धरायची लाज वाटली होती, तो त्यांची सगळ्यात वाईट रात्र साहेबाला गोडाबरोबर वाढत होता. त्यांना राग आला. एक शब्द पुरे होता. सर, दॅट वॉज मी. तेवढं इंग्रजी त्यांना नक्कीच येत होतं.

गोष्ट संपली. क्रेग मनोहररावांकडे वळला आणि सावकाश, बहिऱ्याशी बोलावं तसं, म्हणाला, की हे खरं आहे का? हा खरंच त्याच्या मागं गेला? माणूस ओळखायची ती एकच खूण आहे, असं माझे वडील म्हणायचे.

संजीव वडिलांकडे बघत होता. चैत्राली स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. मनोहररावांना जून महिना दिसला, आणि साताऱ्याच्या घरावरची दातांच्या डॉक्टरची पाटी.

"येस," ते म्हणाले. "ही वेंट. ऑल नाइट."

पाहुणा गेल्यावर संजीवनं त्यांचे दोन्ही खांदे धरले. "आबा, तुम्ही वाचवलंत," तो म्हणाला, आणि लगेच फोन आला म्हणून बाल्कनीत गेला. मनोहररावांनी ते मनाला लावून घेतलं नाही. आपलंच पोर आहे, आपली गोष्ट त्याच्या उपयोगी पडली, वारसाहक्कात माणूस आणखी काय देतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

एप्रिलमध्ये संजीव गेला आणि आठ दिवसांनी रापून, ओठ फुटून, खुशीत परत आला. फोटो आले. क्रेग आणि त्याची वीस इंची रायफल, क्रेग आणि शिंगाळा नर. एका फोटोत संजीवच्या हातात दुसरी रायफल होती आणि चेहऱ्यावर हसू, पण पायाशी काही नव्हतं.

"तुला मिळालं नाही?" मनोहररावांनी विचारलं.

"लागलं होतं एक," संजीव बॅग उपसता उपसता म्हणाला. "हरणी होती. मागच्या बाजूला लागलं असावं. गेली घळीत."

"मग?"

"मग काय. क्रेग मारलेला नर उचलायची सोय बघायला हेलिकॉप्टरवाल्याकडं पुढं गेला होता. पाऊस सुरू झाला. मी एकटाच होतो. त्याला सांगितलं, नेम चुकला."

मनोहररावांना क्षणभर कळलंच नाही. "शोधलीच नाहीस?"

"आबा, तिथं पाऊल ठेवायला जागा नव्हती. आणि वेळेवर पोचलो नसतो तर हेलिकॉप्टर गेलं असतं." त्यानं मळके मोजे वेगळे काढले. "मरेल ती आपोआप. तिथं कोण बघतंय."

मनोहरराव आपल्या खोलीत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि पोट बिघडलंय असं त्यांनी चैत्रालीला सांगितलं. पण बापाचं मन किती निर्लज्ज असतं बघा. दुसऱ्या दिवशी ते स्वतःशीच म्हणत होते, पहिली वेळ होती, घाबरला असेल, एकटा होता. आपल्यापाशी मामा होते, त्याच्यापाशी कोण होतं.

मेमध्ये संजीव रीजनल हेड झाला. घरात पेढे आले, सेरंगूनच्या दुकानातून खास. जाईला नवा फोन मिळाला. मनोहररावांनी पेढा देवापुढे ठेवला, विमलताईंच्या फोटोपुढे ठेवला, आणि पासचा विषय स्वतःहून काढला नाही. मोठ्या कामावरचा माणूस, त्याला आठवण कशाला करायची. करतो म्हणालाय, करेलच. ते रोज संध्याकाळी खाली जाऊन ट्रेन यायच्या वेळेला बाकावर बसू लागले, म्हणजे संजीव आला तर चालता चालता सांगेल.

एका शनिवारी सकाळी चैत्राली टेप घेऊन त्यांच्या खोलीत आली. तीच टेप, शिवणाच्या डब्यातली.

"आबा, जरा हे टोक धरता का? खिडकीपासून कपाटापर्यंत."

त्यांनी धरलं. तिनं आकडा पाहिला आणि फोनमध्ये टिपला. मग म्हणाली, "जाईचं डेस्क बसतंय बघा. पुढच्या वर्षी तिची मोठी परीक्षा, तिला स्वतंत्र खोली हवीच होती. तुमचा पलंग इथंच ठेवणार आहोत, तुम्ही कधी आलात तर."

मनोहरराव टोक धरून उभे होते. चैत्राली त्यांच्याकडे वळली आणि तिच्या लक्षात आलं. बाई वाईट नव्हती. तिचा चेहरा पडला.

"संजीवनं सांगितलं ना तुम्हाला? तळेगावच्या त्या जागेबद्दल? मार्चमध्येच बुकिंग केलंय त्यानं. मला म्हणाला, मी आबांशी बोललोय."

मार्च. मार्चमध्ये त्यांनी बांबू कापले होते. मार्चमध्ये ते पार्कात हसले होते.

"सांगितलंय," मनोहरराव म्हणाले. "माझ्याच डोक्यातून गेलं." आणि तिला उंची मोजायची होती म्हणून त्यांनी टेपचं टोक जमिनीला टेकवून धरलं. खाली वाकल्यावर चेहरा दिसत नाही, तेवढी सोय झाली.

संजीवनं त्याच संध्याकाळी विषय काढला. बायकोनं फैलावर घेतलं असणार. त्याच्या फोनवर तळेगावच्या वृद्धाश्रमाचे फोटो होते. बाग होती, देऊळ होतं, डॉक्टर दर आठवड्याला येत होता. मला आता महिन्यातले पंधरा दिवस बाहेर राहावं लागणार आबा, चैत्रालीची नोकरी, इथलं औषधपाणी, तुम्हाला बोलायला इथं कोणी नाही, सगळं तुमच्याच सोयीचं. मनोहररावांनी सगळं ऐकून घेतलं.

"मार्चमध्ये ठरवलंस," ते म्हणाले.

"प्रमोशन होईल याची खात्री नव्हती तेव्हा."

"मग झाल्यावर रद्द का नाही केलंस?"

संजीव फोनच्या काचेवर बोट फिरवत राहिला. "डिपॉझिट परत देत नाहीत ते," तो म्हणाला.

मनोहरराव भांडले असते तर मुलाला बरंच वाटलं असतं. भांडणाऱ्या म्हाताऱ्याला पाठवणं सोपं जातं. ते भांडले नाहीत. जून संपेपर्यंत ते घरात इतके शहाण्यासारखे वागले, की चैत्रालीला दोनदा स्वयंपाकघरात रडू आलं आणि संजीव उशिरा घरी येऊ लागला.

जायच्या दिवशी चांगी विमानतळावर संजीव एकटाच सोडायला आला. बॅग गेली, बोर्डिंग पास मिळाला, व्हीलचेअर ढकलणारा माणूस यायला अवकाश होता. बापलेक बाकावर बसले. संजीव मनगटावरचं घड्याळ बघत होता, मग फोन, मग पुन्हा घड्याळ. काहीतरी त्याच्या ओठावर होतं. मनोहररावांना ते कळत होतं, आणि लाज वाटावी इतकी त्यांना आशा वाटली. अजूनही तो म्हणाला असता, आबा, चुकलो, चला घरी, तर ते बॅग तशीच विमानात जाऊ देऊन उठले असते.

"आबा," संजीव म्हणाला, "एक विचारायचं होतं. क्रेग पुढच्या वर्षी उघड्या डोंगरावर जाणार आहे. वर गवताळ माळ आहे, तीनशे पावलांवरून मारायचं. त्यासाठी दुसरी रायफल करतोय. काडतूसही मोठं, मॅग्नम. त्याला नळी किती सांगू?"

मनोहररावांनी मुलाकडे नीट पाहिलं. कानशिलावर केस पांढरे झाले होते. विमलताईंचं नाक होतं.

"नळीनं काही होत नसतं, संजीव," ते म्हणाले. "ज्याची जखमी जनावराच्या मागं जायची तयारी नाही, त्यानं बंदूकच हातात घेऊ नये. पोटात गोळी घेऊन ते कुठंतरी पडून राहतं आणि वाट बघतं. मी त्याचे डोळे बघितलेत. तू बघितले नाहीस, कारण तू मागं गेलाच नाहीस. तुझ्या साहेबापुढं मी खोटं बोललो. तू गेलास म्हणून सांगितलं. तेवढं एक खोटं मला परत घेता आलं असतं तर आज घेतलं असतं."

संजीवनं मान हलवली. व्हीलचेअरवाला लांबून येताना दिसत होता, आणि संजीवनं फोनवर टिपण उघडून ठेवलेलं होतं.

"हो आबा, ते बरोबर आहे," तो म्हणाला. "पण इंच किती सांगू?"

मनोहरराव व्हीलचेअरवर बसले. पाय नीट ठेवले, शाल मांडीवर घेतली. सोळा म्हणून सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. एवढ्या मोठ्या काडतुसाला सोळा इंचांची नळी, साहेबाच्या कानठळ्या बसतील, गोळी नेमाच्या खाली उतरेल, आणि याची सगळी अक्कल चव्हाट्यावर येईल. शब्द अगदी जिभेवर होता.

"चोवीस," ते म्हणाले. "उघड्यावर चोवीस घे म्हणावं."

संजीवनं ते टिपून घेतलं, वाकून नमस्कार केला आणि ट्रेन गाठायला निघाला. खोटं सांगायला हवं होतं, असं मनोहररावांना विमान सुटेपर्यंत वाटत राहिलं.